बर्फात गाडी तापते तेव्हा

बाहेर उणे वीस अंश, चहूकडे बर्फच बर्फ, हातमोज्यांच्या आत बोटं बधिर झालेली आणि हँडलसमोर तापमानाचा लाल दिवा लागलेला. स्नोमोबाइल नव्याने हाती घेतलेल्या माणसाला हा प्रकार पटतच नाही. एवढ्या थंडीत इंजिन तापेलच कसं? जुन्या जाणत्यांना यात नवल वाटत नाही. ज्यांनी गाडीत फेरफार केलेले असतात, म्हणजे टर्बो चढवलेला असतो, ट्रॅक लांब केलेला असतो, वजन कमी करायला मागची शेपटी कापलेली असते किंवा एका कंपनीच्या सांगाड्यात दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवलेलं असतं, त्यांना तर अजिबातच नाही.

गुलमर्गला जाऊन आलेल्या मराठी पर्यटकांना ही गाडी ठाऊक असते ती चालकाच्या मागे बसून मारलेल्या एखाद्या फेरीपुरती. कॅल्गरी, एडमंटन किंवा मिनीआपोलिसमध्ये स्थिरावलेल्या मंडळींसाठी मात्र ती शेजाऱ्याच्या गॅरेजमधली, आणि कधीकधी स्वतःच्याही गॅरेजमधली वस्तू आहे. तिथल्या लांब हिवाळ्यात गाडी खोलून बसणं हा अनेकांचा आवडता उद्योग असतो. पुढचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

इंजिन तापल्यामुळे होणारा खर्च मोठा असतोच, पण भीती खर्चाची नसते. टू-स्ट्रोक इंजिनाचा पिस्टन सिलिंडरला चिकटला की गाडी जागच्या जागी दगड होते. रस्ता वीस किलोमीटरवर, फोनला रेंज नाही आणि डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला अंधार. खोल बर्फात माणूस तासाला किलोमीटरभरही धड चालू शकत नाही. म्हणून या दिव्याकडे एकदाही दुर्लक्ष करू नये, आणि घरी परतल्यावर 'आज विझला ना, मग ठीक आहे' असंही म्हणू नये.

ही गाडी थंड कशी होते ते आधी नीट डोळ्यांसमोर आणावं. मोटारीला पुढे रेडिएटर असतो, त्यातून वारा जातो आणि पाणी निवतं. काही फोर-स्ट्रोक टूरिंग स्नोमोबाइलमध्येही रेडिएटर आणि पंखा असतो. पण वेगासाठी आणि डोंगरासाठी बनवलेल्या बहुतेक लिक्विड-कूल्ड गाड्यांत रेडिएटरचं काम सीटखालचा टनेल करतो. टनेल म्हणजे ट्रॅकवर उपडा घातलेला ॲल्युमिनियमचा लांबट खोका. त्याच्या छताला, कडेच्या पायपट्ट्यांखाली, पुढच्या भिंतीला आणि शेपटीकडे चपट्या पोकळ पट्ट्या बसवलेल्या असतात. हेच कूलर. कूलंट त्यांतून फिरतं आणि खालून फिरणारा ट्रॅक बर्फ उडवून सतत त्यांच्या अंगावर मारत राहतो. कूलरवर आपटलेला बर्फ वितळतो आणि वितळताना उष्णता घेऊन जातो.

बर्फाच्या या कामाला तोड नाही. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढीच उष्णता हवेने न्यायची म्हटली तर उणे वीसची सुमारे आठ घनमीटर हवा तीस अंशांनी तापवावी लागेल. आता समजा, पूर्ण थ्रॉटलला इंजिन कूलंटला ४० किलोवॅट उष्णता देतंय. ती न्यायला सेकंदाला निदान १२० ग्रॅम, म्हणजे मिनिटाला सात किलोच्या वर बर्फ कूलरवर वितळायला हवा. उडालेला सगळाच बर्फ कूलरला चिकटत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात यापेक्षा पुष्कळ जास्त उडावा लागतो. हा हिशेब एकदा मनात बसला की निम्म्या तक्रारींचा उलगडा गाडी न खोलताच होतो.

म्हणून पाना हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा: गाडी तापते कधी? 'तापते' एवढ्यावर कुठल्याही मेकॅनिकने सुटे भाग मागवू नयेत. सुरू केल्यावर पाच मिनिटांत तापते की तासाभराने? घट्ट वाटेवर की भुसभुशीत बर्फातही? चढावर पूर्ण थ्रॉटल दिल्यावर की संथ चालतानाही? काटा हळूहळू चढतो की उड्या मारतो? या उत्तरांची एक चिठ्ठी करून टाकीवर चिकटवावी. फेरफार केलेल्या गाडीसाठी आणखी एक प्रश्न लागतो: शेवटचा बदल कोणता केला आणि तक्रार त्याच्या आधीची की नंतरची? जुनी गाडी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकालाही हे विचारावं. त्याने कुठला कूलर काढून टाकला होता हे त्याच्याशिवाय दुसरं कोणी सांगू शकत नाही.

तक्रारींपैकी सर्वांत निरुपद्रवी प्रकार म्हणजे फक्त घट्ट वाटेवर किंवा गोठलेल्या तळ्यावर तापणारी आणि मऊ बर्फात शिरली की दोन मिनिटांत निवणारी गाडी. तिच्यात बिघाड नसतो, तिला बर्फ मिळत नसतो. यंत्राने दाबून गुळगुळीत केलेल्या वाटेवर ट्रॅकला उडवायला सैल बर्फच नसतो. त्यावर आइस स्क्रॅचर हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. स्की किंवा सस्पेन्शनच्या पट्ट्यांना लावलेल्या या स्प्रिंगच्या काड्या बर्फ खरवडतात आणि तो भुसा ट्रॅक वर उडवतो. गाडी रिव्हर्स घेण्याआधी त्या वर अडकवाव्यात. जुन्या पद्धतीच्या काड्या रिव्हर्समध्ये मोडतात.

याच प्रकारात फेरफारांची चूक हमखास सापडते. शेपटीला लोंबणारा रबरी पडदा, म्हणजे स्नो फ्लॅप, बघावा. तो शोभेचा नसतो. ट्रॅकने मागे फेकलेला बर्फ अडवून परत टनेलमध्ये पाठवणं हे त्याचं काम. डोंगरात रिव्हर्स घेताना तो ट्रॅकखाली सापडतो म्हणून कित्येक जण तो कापतात किंवा दोरीने वर बांधतात, आणि मग वाटेवर गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट बदलत बसतात. लांबलचक टनेल कापून आखूड केला, त्याबरोबर मागचा कूलर गेला, पायपट्ट्यांना मोठी भोकं पाडली, तर थंड करणारं क्षेत्रफळ तेवढं घटलं. चार किलो वजन वाचलं खरं. खोल बर्फात ते निभतं, पण डोंगरापर्यंत नेणारी पंधरा किलोमीटरची घट्ट वाट तुमच्याच नशिबी असते. पूर्वीपेक्षा जास्त ताकद आणि पूर्वीपेक्षा कमी कूलर ही जोडी कागदावरच फेटाळावी. आधीच केलेली असेल तर एखादा जादा कूलर जोडून घ्यावा.

बर्फ न मिळण्याचा टोकाचा नमुना बघायचा तर मिनेसोटात जावं. नॉर्थ ब्रँचजवळ सप्टेंबरात 'हे डेज' नावाचा मेळावा भरतो आणि तिथे स्नोमोबाइलच्या शर्यती चक्क गवतावर होतात. बर्फाचा कणही नाही. एक धाव काही सेकंदांची, आणि ती संपली की गाडी थंड पाण्याच्या टाकीच्या गाड्याला जोडतात. पंप इंजिनातलं गरम पाणी बाहेर ओढतो, थंड पाणी आत ढकलतो आणि पुढच्या धावेसाठी इंजिन तयार. घरच्या गॅरेजमध्ये गाडी नुसती उभी ठेवून चालवली तर तिची अवस्था या गवतावरच्या गाडीसारखीच होते. काही मिनिटांत काटा वर जाणारच. त्याला बिघाड समजू नये. तपासणी करायची तर पायपट्ट्यांवर आणि टनेलवर फावड्याने बर्फ टाकावा आणि तो वितळेल तसा टाकत राहावा. गॅरेजचं दार सताड उघडं ठेवावं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.

आता दुसरा प्रकार: बर्फ भरपूर, तरीही सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांत दिवा. याचा अर्थ कूलंट फिरत नाही. इथे महागड्या यंत्राआधी स्वतःचा हात वापरावा. इंजिन थंड असताना सुरू करावं, आयडलवर ठेवावं आणि हातमोजा काढून क्रमाने चाचपत जावं: आधी सिलिंडर हेडमधून निघणारा होज, मग पुढचा कूलर, एक बाजूची पायपट्टी, शेपूट, दुसऱ्या बाजूची पायपट्टी आणि शेवटी इंजिनाकडे परतणारा होज. हेड तापलंय आणि पुढचं सगळं थंडगार, तर थर्मोस्टॅट उघडत नाहीये, पंप फिरत नाहीये किंवा हवा अडकलीये. पहिला मीटरभर गरम आणि पुढे एकदम थंड, तर जिथे गरम संपतं तिथेच अडथळा. दुमडलेला होज, वेल्डिंग करताना बंद झालेलं तोंड किंवा जुन्या कूलंटचा गाळ यांपैकी काहीतरी तिथे सापडतं. आणि सगळं सारखंच कढत असेल, परतीच्या होजसकट, तर पाणी नीट फिरतंय. बर्फ कमी पडतोय किंवा इंजिन नको तेवढी उष्णता तयार करतंय. जिथे हात ठेवता येत नाही तिथे इन्फ्रारेड थर्मामीटर वापरावा, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो थाप मारतो, खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. मोजायच्या जागी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा.

न फिरण्याची कारणं तीन सांगितली, पण फेरफार केलेल्या गाडीत आधी संशय घ्यावा तो हवेचाच. होज काढला, कूलर बदलला, हेड उघडलं की हवा आत शिरते. कारखान्यातून निघालेल्या गाडीत कूलंट ओतायचं तोंड आणि हवा सोडायचा ब्लीडर स्क्रू सगळ्यांत उंच राहील अशी रचना केलेली असते, कारण बुडबुडा वर चढतो. इंजिन बदललं की ही रचना मोडते. यामाहाने २०१४ च्या मॉडेलमध्ये आर्क्टिक कॅटच्या सांगाड्यात आपलं १,०४९ सीसीचं इंजिन घालून 'व्हायपर' आणली, तेव्हा तो जोड कारखान्यात जमवलेला होता. घरच्या गॅरेजमध्ये तोच जोड जमवणारा माणूस माउंट जमवतो, क्लच एका रेषेत आणतो, वायरिंगवर रात्री जागवतो आणि कूलंटची बाटली जिथे जागा उरली तिथे ठोकतो. ती बाटली सिलिंडर हेडच्या खाली गेली की बुडबुडा कायमचा हेडमध्ये, म्हणजे सगळ्यांत तापणाऱ्या जागी मुक्काम करतो. कितीही वेळा हवा काढली तरी दोन फेऱ्यांनंतर पुन्हा तेच. अशा गाडीत बाटली, किंवा निदान कूलंट ओतायचं एक छोटं भांडं, सगळ्यांत उंच जागी न्यावं आणि हेडच्या शेंड्यापासून त्या भांड्यापर्यंत बारीक होज टाकावा. हवा आपली आपण निघून जाते.

हवा काढायची ती घाईत नाही. इंजिन पूर्ण थंड हवं. गाडीचं नाक उंच करावं, म्हणजे टनेलमधली हवा पुढे सरकते. झाकण उघडून कूलंट ओतावं, ब्लीडर स्क्रू सैल करावा आणि फसफस थांबून अखंड धार येईपर्यंत बंद करू नये. मग इंजिन आयडलवर ठेवून जाड होज हाताने दाबत राहावं. दर दाबाला बाटलीत बुडबुडे येतात ते दिसतात. थर्मोस्टॅट उघडला की पातळी अचानक खाली जाते. त्या क्षणी ओतणारा हात तयार हवा. शेपटीकडचा कूलर दोन्ही बाजूंनी कोमट झाल्याशिवाय काम झालं असं समजू नये. तो थंडच राहिला तर इंजिन बंद करून, निवू देऊन, शेपूट उचलून काही मिनिटं धरावी आणि सगळं पुन्हा करावं. दोन-तीन फेऱ्या लागतात. बाजारात निर्वात करून कूलंट आत ओढून घेणारं अवजारही मिळतं. ज्यांची गाडी दर हंगामात उघडते त्यांनी ते घ्यावंच.

थर्मोस्टॅटची परीक्षा सोपी आहे. तो काढून दोऱ्याला बांधावा, जुन्या भांड्यात पाणी घेऊन त्यात तळाला न टेकता लोंबता ठेवावा, शेजारी थर्मामीटर आणि खाली मंद आच. कुठल्या अंशाला पाकळी हलते आणि कुठल्या अंशाला पूर्ण उघडते ते बघून त्याच्यावर कोरलेल्या आकड्याशी ताडावं. टू-स्ट्रोक स्नोमोबाइलचा थर्मोस्टॅट मोटारीच्या मानाने पुष्कळ कमी तापमानाला उघडतो, त्यामुळे मोटारीचा आकडा डोक्यात धरून चांगला थर्मोस्टॅट टाकून देऊ नये. या भांड्यात पुन्हा कधी स्वयंपाक करायचा नाही, हेही घरात सांगून ठेवावं.

काही जण हा सगळा व्याप टाळायला थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. 'तो नसला की पाणी मोकळं फिरेल' हा समज फार पसरलेला आणि फार घातक आहे. खोल बर्फात कूलर इतके जोरात काम करतात की थर्मोस्टॅटविना इंजिन कधी कामाच्या तापमानाला पोचतच नाही. थंड सिलिंडरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला की ॲल्युमिनियमचा पिस्टन आधी फुगतो, पाण्याने थंड राहिलेला सिलिंडर मागे राहतो आणि दोघांमधली फट संपते. यालाच कोल्ड सीझ म्हणतात. जास्त तापू नये म्हणून केलेला उपाय इंजिन थंडपणी जाम करून बसतो. थर्मोस्टॅट बदलावा, काढून टाकू नये. टर्बोवाल्यांनी तर नक्कीच नाही.

पंपाकडे बघताना सर्वांत आधी त्याच्याखालचं बारीक भोक शोधावं. सील जायला लागलं की कूलंटचा थेंब त्यातून बाहेर येतो. थेंब नाही म्हणजे पंप ठणठणीत असंही नाही, कारण इम्पेलर दांड्यावर सैल होऊन नुसता घसरत असू शकतो. झाकण उघडून तो बोटाने फिरवून बघितल्याशिवाय हे कळत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत कठीण, आणि जादा ताकदीच्या गाड्यांत नेहमीचा. आयडलला ठीक, संथ फेरीत ठीक, घरी तपासणीत ठीक. डोंगरावर मात्र अर्धा मिनिट पूर्ण थ्रॉटल दिला की काटा चढतो आणि बाटलीतून पाणी बाहेर. आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला 'गाडी पाणी फेकते' म्हणतात तोच हा प्रकार. टर्बोच्या दाबाने सिलिंडरमधला दाब इतका वाढतो की हेड केसभर उचललं जातं आणि जळता वायू कूलंटमध्ये घुसतो. थ्रॉटल सोडला की हेड परत बसतं आणि पुरावा नाहीसा होतो. गॅसकेटऐवजी ओ-रिंगवर बसणारं बिलेट हेड लावलेलं असेल तर एखादी रिंग बसवताना चिमटून कापली गेलेली असण्याची शक्यता मोठी.

याचा माग घ्यावा तो असा. थंड इंजिन सुरू केल्यावर काही सेकंदांतच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही, वायूचा आहे. इतक्या लवकर पाणी तापून दाब येऊच शकत नाही. बाटलीवर रासायनिक तपासणीची नळी धरावी. जळालेल्या वायूतल्या कार्बन डायऑक्साइडने तिच्यातलं निळं द्रव पिवळट होतं. मग प्लग काढून सिलिंडरमध्ये बॅटरीचा झोत मारावा. शेजारचा पिस्टन नेहमीसारखा तपकिरी-काळा आणि एकच पिस्टन घासून धुतल्यासारखा चकचकीत दिसला, तर पाणी त्याच सिलिंडरमध्ये जातंय, वाफेने तो धुतला जातोय. फोर-स्ट्रोक असेल तर ऑइलची पट्टी काढून बघावी; त्यावर दुधाळ फेस दिसला तर इंजिन पुन्हा सुरूच करू नये. टू-स्ट्रोकमध्ये पाणी क्रँककेसमध्ये उतरलं असेल तर उन्हाळाभर उभ्या गाडीत बेअरिंग गंजून जातात. त्यामुळे हा निर्णय 'हंगाम संपल्यावर बघू' म्हणून पुढे ढकलू नये.

हेड शाबूत असूनही फक्त जोर लावल्यावरच तापत असेल तर इंधन आणि हवेचं प्रमाण तपासावं. मिश्रणात पेट्रोल कमी पडत असेल, बूस्टच्या, म्हणजे टर्बोच्या दाबाच्या, मानाने ऑक्टेन कमी असेल, इग्निशनची वेळ पुढे सरकलेली असेल, तर इंजिन ठोके देतं आणि उष्णता भलत्या वेगाने पिस्टनमध्ये आणि हेडमध्ये शिरते. तेव्हा तापमानाचा काटा ही फक्त बातमी असते, रोग कूलंटच्या वाटेवर नसतोच. जादा कूलर लावून तो झाकला जातो, आणि मग पिस्टनला भोक पडतं.

टर्बोच्या बाबतीत उंचीचा हिशेबही लोक विसरतात. साधं इंजिन डोंगरावर चढताना विरळ हवेमुळे ताकद गमावतं, आणि ताकद कमी तशी उष्णताही कमी. टर्बो नेमकं हेच होऊ देत नाही. स्की-डूने २०२० च्या मॉडेलमध्ये आणलेल्या ८५० ई-टेक टर्बोची ओळखच ही होती की त्याची १६५ अश्वशक्ती ८,००० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे २,४०० मीटरपर्यंत, टिकते. इकडे इंजिन समुद्रसपाटीइतकी उष्णता काढतंय आणि तिकडे पाण्याचा उत्कलनबिंदू उतरतोय. वायोमिंगमधल्या टॉग्वोटी खिंडीची उंची सुमारे २,९०० मीटर. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी नव्वद अंशांच्या आसपास उकळतं. या फरकाशी झुंजतं ते बाटलीचं झाकण. दर एक पीएसआय दाबामागे उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो, आणि चौदा-पंधरा पीएसआय धरणारं झाकण पाण्याला वीस-बावीस अंशांची जादा मुदत देतं. रबर कडक झालेलं, दाब न धरणारं झाकण सपाटीवर निभून जातं आणि खिंडीत गेलं की दगा देतं. थोडक्या पैशांत मिळणारी ही वस्तू दर दोन-तीन हंगामांनी बदलावी. गरम इंजिनावर ते झाकण कधीही उघडू नये. उकळतं कूलंट तोंडावर येतं.

गळती शोधायला हातपंपाने झाकणाच्या आकड्याइतका दाब भरून पंधरा मिनिटं काट्यावर नजर ठेवावी. हे काम उबदार गॅरेजमध्ये करू नये. रबर आणि ॲल्युमिनियम थंडीत वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, त्यामुळे कित्येक क्लॅम्प फक्त उणे पंचवीसलाच पाझरतात आणि इंजिन तापलं की बंद होतात. गाडी रात्रभर बाहेर ठेवून सकाळी, सुरू करण्याआधी, दाब भरावा. अवजार नसेल तर बर्फच मदतीला येतो: स्वच्छ बर्फावर गाडी उभी करावी आणि सकाळी ती हलवून बघावी. पांढऱ्यावर हिरवा किंवा गुलाबी ठिपका लपत नाही, आणि तो टनेलच्या कुठल्या भागाखाली पडलाय त्यावरून कूलरही कळतो. ट्रॅकला तीन इंची पॅडल किंवा धातूचे स्टड लावलेले असतील तर पुढचा कूलर आधी बघावा. ट्रॅक सैल असला की पूर्ण वेगात ते कूलरवर आपटतात आणि ॲल्युमिनियमवर समांतर ओरखडे उठतात. ओरखडा दिसला म्हणजे गळती यायचीच आहे, असं धरून चालावं. ट्रॅकचा ताण नीट करावा, जागा पुरत नसेल तर लहान ड्राइव्ह चाकं बसवावीत, स्टडसाठी टनेलला संरक्षक पट्ट्या लावाव्यात.

काटाच खोटं बोलत असेल तर? फेरफार केलेल्या गाडीत बाहेरून लावलेला मीटर असतो आणि त्याचा एकाच तारेचा सेन्सर अर्थिंग घेतो ते आट्यांमधूनच. गळती होऊ नये म्हणून त्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून ठेवली की अर्थिंग तुटतं आणि मीटर वाटेल ते दाखवतो. शिवाय सेन्सरचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं हवं. ते हवेच्या बुडबुड्यात असेल तर हेड उकळत असतानाही काटा शांत बसतो किंवा उड्या मारत राहतो. उड्या मारणारा काटा दिसला की वायरिंगइतकाच हवेचाही विचार करावा.

कूलंटबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. थंडी जास्त म्हणून काही जण एथिलीन ग्लायकॉल पाणी न घालता निव्वळ ओततात. निव्वळ ग्लायकॉल उणे तेरा अंशांच्या आसपासच गोठतं, आणि पाण्यापेक्षा उष्णताही कमी वाहून नेतं. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण उणे सदतीसपर्यंत टिकतं. वेगवेगळ्या जातींची कूलंटं एकमेकांत मिसळली तर काहींचा चिकट गाळ बनतो आणि कूलरच्या अरुंद वाटा बंद होतात. फ्लश केल्यावर निघालेलं कूलंट बर्फात ओतू नये. ते गोडसर लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात. डब्यात भरून धोकादायक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावं.

वाटेत दिवा लागलाच, तर आधी जागा बघावी. हिमकडा कोसळू शकेल अशा उताराखाली थांबून इंजिन निववत बसू नये. तिथून बाहेर पडावं. मग थ्रॉटल कमी ठेवून मऊ बर्फात शिरावं आणि काटा उतरतोय का बघावं. उतरला तर बर्फाचीच कमतरता होती. वाफ दिसली किंवा काटा चढतच राहिला तर इंजिन ताबडतोब बंद करून पायपट्ट्यांवर आणि टनेलवर हाताने बर्फ रचावा. तापलेल्या हेडवर मात्र बर्फ टाकू नये, धातू तडकतो. झोळीत लिटरभर तयार मिश्रण, दोन क्लॅम्प, होजचा एक तुकडा, ॲल्युमिनियमला चालणारं इपॉक्सी आणि सिलिकॉनची चिकटपट्टी असावी. कूलरला पडलेली चीर कोरडी करून इपॉक्सीने बुजवली आणि झाकण अर्धवट सैल ठेवून, म्हणजे दाब चढू न देता, संथ चालवली तर गाडी बहुतेक वेळा ट्रेलरपर्यंत येते. घरी आल्यावर त्या जागी नीट वेल्डिंग करून घ्यावं. त्याआधी कूलरच्या आतलं ग्लायकॉल पूर्ण धुवावं, नाहीतर सांधा धरत नाही.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी डोंगरात काढू नये. ट्रेलर नजरेच्या टप्प्यात राहील एवढ्या मैदानात अर्धा तास, आधी संथ, मग मधल्या वेगात, शेवटी दोन-तीनदा पूर्ण थ्रॉटल, आणि प्रत्येक वेळी काट्याचा आकडा टाकीवरच्या त्या चिठ्ठीवर लिहावा. संध्याकाळी बाटलीतल्या पातळीवर पेनने रेघ मारून गाडी बाहेरच उभी करावी. सकाळी पातळी रेघेला आहे का ते बघावं, क्लॅम्प थंडपणीच एकेक पाव फेरा आवळावेत, आणि गाडी हलवून खालच्या बर्फावर वाकून बघावं.